बोरघाटातील इंग्रज मोहिमांची रसदव्यवस्था (१७७८–१७८१)

बोरघाटातील इंग्रज मोहिमांची रसदव्यवस्था हा पहिल्या इंग्रज–मराठा युद्धाच्या (१७७५–१७८२) इतिहासातील महत्त्वाचा विषय आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने पुणे जिंकण्यासाठी पनवेल–खोपोली–बोरघाट या मार्गाने दोन मोहिमा काढल्या. पहिली मोहीम १७७८-७९ मध्ये झाली आणि तिचा शेवट वडगाव येथील शरणागतीत व तहात झाला. दुसरी मोहीम १७८१ मध्ये जनरल टॉमस गॉडर्ड याच्या नेतृत्वाखाली झाली. ती घाटमाथ्याच्या पुढे सरकू शकली नाही आणि मोठी हानी सोसून पनवेलला परतली. या दोन्ही मोहिमांत निर्णायक ठरलेली गोष्ट एखादी मोठी समोरासमोरची लढाई नसून धान्य, वैरण, ओझ्याचे बैल आणि मुंबईशी असलेले दळणवळण ही होती. आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्याचा सखल भाग, म्हणजे चौक, खालापूर, कुंभिवली, खोपोली हा पट्टा, या पुरवठा मार्गाचा सर्वांत नाजूक टप्पा होता.

== पार्श्वभूमी ==

३० ऑगस्ट १७७३ रोजी पेशवा नारायणरावाचा खून झाला. त्यानंतर रघुनाथराव (राघोबादादा) पेशवेपदावर आला. मात्र नाना फडणवीस, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध एकजूट केली. ही मंडळी ‘बारभाई’ या नावाने ओळखली जातात. १८ एप्रिल १७७४ रोजी जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नावाने त्यांनी कारभार हाती घेतला. पदच्युत रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेला आणि ६ मार्च १७७५ रोजी त्याने मुंबईकरांशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हा तह मान्य झाला नाही. त्याने १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. मुंबई सरकारला मात्र रघुनाथरावाचा पक्ष सोडावयाचा नव्हता. साष्टी, वसई आणि मुंबईभोवतालचा मुलूख कायमचा हाती यावा, हा त्यामागील प्रमुख हेतू होता.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या सरकारने रघुनाथरावाशी नवा करार केला आणि त्याला पुण्यास नेऊन बसविण्याचे ठरविले. वॉरन हेस्टिंग्जने बंगालकडून एक फौज मे १७७८ मध्ये काल्पीहून मुंबईच्या मदतीसाठी रवाना केली होती. ती बुंदेलखंडात रेंगाळली. तिचा सेनापती कर्नल लेस्ली ऑक्टोबर १७७८ मध्ये मरण पावला व सूत्रे गॉडर्डकडे आली. ही फौज पोहोचण्याची वाट न पाहता मुंबईकरांनी स्वतःच्या बळावर मोहीम सुरू केली.

या योजनेत रसदेच्या दृष्टीने एक मोठे गृहीतक दडलेले होते. रघुनाथराव घाट चढून आला की त्याच्या पक्षाचे सरदार घोडदळासह येऊन मिळतील आणि मुलुखातून धान्य, वैरण व जनावरे उपलब्ध होतील, अशी मुंबई सरकारची अपेक्षा होती. प्रत्यक्षात रघुनाथरावाला अनुकूल असलेला मोरोबा फडणीस याचा गट जुलै १७७८ मध्येच मोडला गेला होता व मोरोबा कैदेत होता. तुकोजी होळकरही कारभाऱ्यांच्या बाजूला राहिला. त्यामुळे मोहीम सुरू होण्यापूर्वीच तिचा स्थानिक पुरवठ्याचा आधार नाहीसा झाला होता.

== मार्ग व भूगोल ==

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या सैन्याचा प्रवास तीन वेगवेगळ्या टप्प्यांत होत असे आणि प्रत्येक टप्प्यावर वाहतुकीचे साधन बदलत असे.

* मुंबई ते पनवेल: हा टप्पा खाडीचा होता. माणसे, तोफा, दारूगोळा आणि धान्य गलबतांतून व मचव्यांतून भरतीच्या वेळेनुसार पनवेलच्या बंदरात उतरविले जाई. समुद्रावर इंग्रजांचे वर्चस्व असल्याने हा भाग त्यांच्यासाठी तुलनेने सुरक्षित होता.
* पनवेल ते खोपोली: सुमारे ३५ किलोमीटरचा हा रस्ता चौक आणि खालापूर यांवरून पाताळगंगेच्या खोऱ्यात शिरतो. भातखाचरे, ओढे, झाडी आणि दोन्ही बाजूंचे डोंगर यांमुळे लांबलचक तांड्यावर कोठूनही छापा घालणे शक्य होते. उत्तरेकडे माथेरानचा डोंगर व प्रबळगड आणि पूर्वेकडे सह्याद्रीची मुख्य रांग या पट्ट्यावर नजर ठेवून आहेत.
* खोपोली ते खंडाळा: हा प्रत्यक्ष बोरघाट. त्या काळी येथे गाडीरस्ता नव्हता. ओझ्याचे बैल एकामागून एक चढू शकतील एवढीच वाट होती. तोफा वर नेण्यासाठी रस्ता फोडून रुंद करावा लागे आणि माणसांनी दोर लावून त्या ओढाव्या लागत. पुढे याच घाटात रेल्वे बांधताना सुमारे १५ मैलांत १,८३१ फूट चढ घ्यावा लागला, यावरून या चढणीची कल्पना येते.

घाटमाथ्यावरून पुणे आणखी सुमारे ६५ किलोमीटर दूर होते. इंद्रायणीच्या खोऱ्यातील कार्ले, वडगाव, तळेगाव आणि पुढे चिंचवड ही गावे या वाटेवर लागतात. हा प्रदेश मोकळा व घोडदळाच्या हालचालींना सोयीचा आहे. लोहगड, विसापूर व राजमाची हे किल्लेही याच भागात आहेत.

पावसाळ्यात कोकणातील रस्ते चिखलाने बंद पडत आणि घाट निसरडा होई. त्यामुळे मोहिमेचा काळ दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत एवढाच मर्यादित राही. उन्हाळा जवळ येई तसे गवत वाळे, पाणवठे आटत आणि जनावरे जगविणे अवघड होई.

=== पूर्वीचे उदाहरण ===

या भागातील डोंगरवाटांनी परक्या सैन्याची कोंडी केल्याचे उदाहरण याआधी शतकभरापूर्वी घडले होते. शायिस्तेखानाने कोकणात पाठविलेला कारतलबखान २ फेब्रुवारी १६६१ रोजी बोरघाटाच्या दक्षिणेस, आजच्या खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने अडविला. पुढची आणि मागची वाट बंद झाल्यावर पाण्यावाचून व्याकूळ झालेल्या मोगल फौजेला सामान व द्रव्य देऊन सुटका करून घ्यावी लागली.

== पहिली मोहीम (१७७८-७९) ==

=== सैन्य व बोजा ===

मोहिमेच्या सैन्यात अधिकाऱ्यांसह सुमारे ३,९०० लढाऊ माणसे होती. त्यांत युरोपीय पायदळ, तोफखाना, देशी शिपाई आणि तोफखान्याचे खलाशी यांचा समावेश होता. या सैन्याबरोबर सुमारे १९,००० बैल होते. म्हणजे दर लढाऊ माणसामागे जवळजवळ पाच बैल असे प्रमाण पडते. बैलांमागे हाकारे, नोकर, बाजारातील दुकानदार आणि इतर बुणगे होते. सैन्याजवळ उपयोगी पडेल असे घोडदळ मात्र नव्हते. रघुनाथरावाबरोबरची थोडी स्वारमंडळी एवढ्या मोठ्या तांड्याचे रक्षण करण्यास पुरेशी नव्हती.

बैलांची एवढी संख्या ही गरज होती आणि तीच अडचणही होती. मुलुखातून काही मिळेल याची खात्री नसल्याने धान्य, दारूगोळा, तंबू आणि अधिकाऱ्यांचे खासगी सामान बरोबर नेणे भाग होते. ओझ्याचा बैल सावकाश चालतो, त्याला चरण्यासाठी व रवंथासाठी वेळ लागतो आणि दिवसाकाठी त्याची मजल मोजकीच असते. जनावरांची संख्या वाढली की त्यांच्या वैरणीसाठी अधिक दूरवर माणसे पाठवावी लागतात. मराठी लष्करी परिभाषेत वैरण व सरपण आणण्यासाठी छावणीबाहेर पडणाऱ्या अशा टोळीस ‘कही’ म्हणतात. घोडदळ नसलेल्या सैन्याची कही हे शत्रूच्या स्वारांना सर्वांत सोपे भक्ष्य असे.

=== नेतृत्व ===

मोहिमेचा अधिकार एका समितीकडे दिलेला होता. तिच्यात कर्नल चार्ल्स एगर्टन, जॉन कार्नाक आणि पूर्वी पुण्यात कंपनीचा वकील असलेला टॉमस मॉस्टिन हे सदस्य होते. एगर्टन आजारी होता व त्याला या देशातील युद्धपद्धतीचा अनुभव नव्हता. पुणे दरबाराची सर्वांत अधिक माहिती असलेला मॉस्टिन वाटेतच आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी मरण पावला. त्यानंतर उरलेल्या दोघांतील मतभेद वाढले. कूच, मुक्काम आणि रसद यांविषयीचे निर्णय एकाच्या हाती न राहिल्याने ते लांबणीवर पडत गेले.

=== घाट चढणे ===

नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याने ग्रेनेडियर शिपायांच्या सहा कंपन्यांसह पुढे जाऊन बोरघाटाचा ताबा घेतला. त्याला तेथे विशेष प्रतिकार झाला नाही. मुख्य सैन्य पनवेलला उतरले. तेथून खोपोली गाठणे, घाटातील वाट तोफांसाठी रुंद करणे आणि सर्व सामान वर चढविणे यांत जवळजवळ महिना गेला. २३ डिसेंबरच्या सुमारास संपूर्ण फौज घाटमाथ्यावर पोहोचली. या काळात पुणे दरबाराला शिंदे, होळकर व इतर सरदारांच्या फौजा एकत्र करण्यास पुरेसा अवधी मिळाला.

=== खंडाळा ते तळेगाव ===

घाटमाथ्यावरून पुढे जाताना सैन्याचे दोन भाग करण्यात आले. एक भाग थोडे अंतर पुढे जाऊन थांबे आणि त्याने सोडलेल्या जागेवर दुसरा भाग येई. सामानाला दोन्ही बाजूंनी संरक्षण मिळावे हा यामागील हेतू होता. परिणामी खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतचे सुमारे आठ मैलांचे अंतर कापण्यास ११ दिवस लागले. दिवसाची सरासरी मजल पाऊण मैलाच्या आसपास पडली. बरोबर आणलेले धान्य याच काळात खर्ची पडत होते.

मराठी तुकड्या दिवसभर बाण व तोफांचा मारा करीत आणि सैन्य सामोरे आले की मागे सरत. ३१ डिसेंबरच्या सुमारास लेफ्टनंट कर्नल के हा प्राणघातक जखमी झाला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ असे नाव दिले होते. ६ जानेवारी रोजी आजारी एगर्टनने सैन्याचे आधिपत्य लेफ्टनंट कर्नल विल्यम कॉकबर्न याच्याकडे सोपविले. त्याच सुमारास कोकणात उतरलेल्या मराठी तुकड्यांनी घाट आणि पनवेल यांच्यामधील दळणवळण तोडण्यास सुरुवात केली होती.

९ जानेवारी रोजी सैन्य तळेगावला पोहोचले. पुणे तेथून सुमारे १८ मैलांवर होते. गाव जाळून रिकामे करण्यात आलेले त्यांना आढळले.

== मराठ्यांची व्यूहरचना ==

नाना फडणवीस, महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके यांनी इंग्रजी पायदळाशी व तोफखान्याशी आरंभीच मोठी लढाई देण्याचे टाळले. त्यांच्या योजनेचे चार भाग दिसून येतात.

* रिकामा मुलूख: इंग्रजांच्या वाटेवरील गावांतील धान्य व गुरे हलविणे, उरलेले गवत व कडबा जाळणे. सैन्य पुढे आलेच तर चिंचवड आणि खुद्द पुणे शहरही जाळण्याची तयारी ठेवण्यात आली होती.
* कही बंद पाडणे: वैरणीसाठी बाहेर पडणाऱ्या टोळ्यांवर स्वारांचे छापे घालून छावणीला तिच्याच जागेत कोंडणे.
* पिछाडी तोडणे: कोकणात तुकड्या पाठवून पनवेलहून येणारा पुरवठा व टपाल रोखणे.
* वेळ काढणे: सततच्या किरकोळ माऱ्याने मजल कमी करणे, म्हणजे बरोबरचा साठा आपोआप संपत जाईल.

गनिमी काव्याची ही परंपरा सतराव्या शतकापासून चालत आली होती. या वेळी तिला भिवराव पानसे यांच्या तोफखान्याची जोड मिळाली. इंग्रज सैन्याची गती त्याच्या बैलांवरून ठरते हे मराठी सरदारांनी ओळखले होते. म्हणून त्यांचा रोख पलटणींपेक्षा तांड्यावर अधिक होता.

या धोरणाची किंमत रयतेला मोजावी लागली. पौष महिन्यात खरिपाचे धान्य घरात आलेले असते आणि वर्षभराचा कडबा रचलेला असतो. तो जाळणे म्हणजे त्या गावांच्या पुढील उन्हाळ्यातील गुरांची वैरण नाहीशी करणे होते. कोकणातील पनवेल–खोपोली पट्ट्यालाही दोन्ही बाजूंच्या फौजांची ये-जा सोसावी लागली.

== माघार व वडगाव ==

तळेगाव येथे सैन्याजवळ सुमारे १८ दिवसांचे धान्य शिल्लक होते. पुढे जायचे की परतायचे यावर तेथे विचार झाला. आपण सैन्य पुण्यापर्यंत नेऊ शकू, मात्र एवढ्या मोठ्या संख्येतील बैल व सामान यांचे रक्षण करता येणार नाही, असे कॉकबर्नचे मत पडले. कार्नाकने माघारीचा आग्रह धरला. रघुनाथरावाने काही काळ थांबण्याची विनंती केली, ती मानली गेली नाही.

११ जानेवारी १७७९ च्या रात्री माघार सुरू झाली. अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकण्यात आल्या आणि नेता न येणारे सामान जाळण्यात आले. माघारीची हालचाल गुप्त राहू शकली नाही. मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात मराठी स्वारांनी आघाडी व पिछाडी दोन्हीकडून हल्ले सुरू केले. बरेचसे सामान व बैल त्यांच्या हाती पडले. पिछाडीवर कॅप्टन जेम्स हार्टली याच्या हाताखालील शिपायांनी नेटाने लढून सैन्य पूर्ण मोडू दिले नाही. १२ जानेवारी रोजी दिवस मावळण्याच्या सुमारास सैन्य तळेगावच्या पश्चिमेस काही मैलांवर असलेल्या वडगाव येथे पोहोचले. गावात आधी शिरण्यासाठी बुणग्यांची झुंबड उडाली व त्यामुळे पलटणींची रचनाही विस्कळीत झाली.

त्या दिवशी मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून ३५२ माणसांची हानी झाली व त्यांत १५ अधिकारी होते. १३ जानेवारीच्या सकाळी मराठी तोफांनी गावावर मारा सुरू केला. घाटापर्यंत परत जाणे अशक्य आहे असे कॉकबर्नने सांगितले. हार्टलीचे मत वेगळे होते. अखेरीस विल्यम फार्मर याला बोलणी करण्यास पाठविण्यात आले.

जानेवारीच्या मध्यास झालेल्या वडगावच्या तहानुसार १७७३ नंतर मुंबईकरांनी घेतलेला साष्टीसह सर्व मुलूख परत करणे, बंगालहून येणारी फौज थांबविणे आणि भडोचच्या उत्पन्नातील वाटा महादजी शिंदे यांना देणे ही कलमे मान्य करण्यात आली. फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे ओलीस म्हणून ठेवण्यात आले. रघुनाथराव महादजींच्या स्वाधीन झाला. मुंबई व कलकत्ता या दोन्ही सरकारांनी पुढे हा तह नाकारला. चौकशीनंतर कार्नाक, एगर्टन व कॉकबर्न यांना कंपनीच्या सेवेतून काढून टाकण्यात आले.

== गॉडर्डची वाटचाल: एक तुलना ==

वडगावच्या प्रसंगाच्या वेळी गॉडर्ड नर्मदा ओलांडून येत होता. ३० जानेवारी १७७९ रोजी तो बऱ्हाणपूरला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेला पोहोचला. काल्पीपासून सुरतेपर्यंतचा हा प्रवास बहुतांश मराठी सरदारांच्या मुलुखातून झाला, तरी त्याच्या सैन्याची उपासमार झाली नाही. वाटेत भोपाळच्या नबाबाने त्याला धान्य व इतर मदत दिली. गॉडर्डने सैन्यात शिस्त राखून लूट होऊ दिली नाही व मालाचे दाम दिले, त्यामुळे गावोगावचे लोक धान्य विकण्यास पुढे आले.

या दोन हालचालींतील फरक लक्षणीय आहे. मुंबईच्या सैन्याजवळ जनावरे विपुल होती, पण भोवतालचा मुलूख त्याच्या विरोधात रिकामा केलेला होता. गॉडर्डच्या वाटेवर ठिकठिकाणी बाजार उघडा राहिला. मात्र हेच कौशल्य दोन वर्षांनंतर बोरघाटाच्या पायथ्याशी त्याच्या कामी आले नाही.

== दुसरी मोहीम (१७८१) ==

डिसेंबर १७८० मध्ये वसईचा किल्ला जिंकल्यानंतर गॉडर्डने पुण्यावर दडपण आणण्यासाठी बोरघाटाकडे मोर्चा वळविला. ८ फेब्रुवारी १७८१ च्या सुमारास कर्नल पार्कर याच्या नेतृत्वाखालील तुकडीने घाट काबीज केला. गॉडर्डने मुख्य छावणी घाटपायथ्याशी खोपोली येथे ठेवली आणि पार्करची तुकडी घाटमाथ्यावर राहिली. पुणे दरबार भिऊन तह करील अशी त्याची अपेक्षा होती. नाना फडणविसांनी बोलणी चालू ठेवली आणि दरम्यान फौजा गोळा केल्या.

या वेळी मराठ्यांनी आघात केला तो थेट पनवेल–खोपोली मार्गावर. परशुरामभाऊ पटवर्धन कोकणात उतरले. मार्चच्या मध्यास त्यांनी चौकच्या बाजूस पनवेलहून येणाऱ्या तांड्यावर हल्ला चढविला. त्यानंतर धान्याचा प्रत्येक तांडा आणण्यासाठी गॉडर्डला अधिकाधिक सैन्य पाठवावे लागले. एप्रिलच्या आरंभी कर्नल ब्राऊन याच्याबरोबर त्याने पायदळाच्या तीन पलटणी, तोफा आणि जवळचे घोडदळ पनवेलला धाडले. तुकोजी होळकरही कोकणात उतरल्याने हा तांडा वाटेतच अडकला व तो सोडवून आणण्यासाठी खुद्द गॉडर्डला पुढे यावे लागले.

अशा रीतीने सैन्याचा मोठा भाग स्वतःचेच अन्न राखण्यात गुंतला. घाट हाती होता, पण घाटाच्या पुढे जाण्यास माणसे उरत नव्हती. पावसाळाही जवळ येत होता. गॉडर्डने माघारीचा निर्णय घेतला. १९ एप्रिलच्या सुमारास घाटमाथ्यावरील तोफा खाली आणण्यात आल्या आणि २० एप्रिलपासून सैन्य खोपोलीहून खालापूर–चौक मार्गाने पनवेलकडे निघाले. हरिपंत फडके, तुकोजी होळकर व परशुरामभाऊ यांच्या फौजांनी तीन दिवस पाठलाग केला. पिछाडी सांभाळणारा कर्नल पार्कर मारला गेला. २३ एप्रिल १७८१ रोजी सैन्य पनवेलला पोहोचले, तोवर मेलेले व जखमी मिळून ४६६ माणसांची हानी झाली होती व त्यांत १८ युरोपीय अधिकारी होते.

या मोहिमेनंतर पुण्यावर थेट चाल करून युद्ध संपविण्याचा विचार इंग्रजांनी सोडला. उत्तरेतील लढाया व वाटाघाटी यांतून १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला.

== घटनाक्रम ==

* मे १७७८: बंगालची फौज काल्पीहून निघाली.
* नोव्हेंबर १७७८: मुंबई सरकारचा रघुनाथरावाशी नवा करार, स्टुअर्टकडून बोरघाटाचा ताबा.
* २३ डिसेंबर १७७८ (सुमारे): संपूर्ण सैन्य घाटमाथ्यावर.
* ४ जानेवारी १७७९: कार्ले येथे स्टुअर्टचा मृत्यू.
* ९ जानेवारी १७७९: सैन्य तळेगावला.
* ११ जानेवारी १७७९: रात्री माघारीस आरंभ.
* जानेवारी १७७९ (मध्य): वडगावचा तह.
* ८ फेब्रुवारी १७८१ (सुमारे): गॉडर्डच्या सैन्याकडून बोरघाट काबीज.
* मार्च–एप्रिल १७८१: पनवेल–चौक–खोपोली मार्गावरील तांड्यांवर हल्ले.
* २३ एप्रिल १७८१: गॉडर्ड पनवेलला परत.
* १७ मे १७८२: सालबाईचा तह.

== मूल्यमापन ==

पहिल्या मोहिमेचे अपयश निव्वळ धान्यटंचाईने आले असे म्हणता येत नाही. तळेगावला सुमारे १८ दिवसांचा साठा होता आणि पुणे १८ मैलांवर होते. त्यामुळे माघारीचा निर्णय घाईचा होता, असा आक्षेप इतिहासलेखनात घेतला गेला आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, पुणे गाठले तरी ते जळलेले शहर असण्याची शक्यता होती. मागचा रस्ता तुटलेला होता आणि तोवर सामान गमावले असते तर परतीसाठी काहीच उरले नसते. साठा किती आहे यापेक्षा तो संपल्यावर नवा कोठून येणार, हा प्रश्न अधिक कठीण होता.

मोहिमेतील रसदविषयक दोष पुढीलप्रमाणे सांगता येतात.

* घोडदळाचा अभाव, त्यामुळे कही व तांड्यांचे रक्षण अशक्य.
* लढाऊ माणसांच्या मानाने अतिरिक्त बोजा व बुणगे.
* स्थानिक सरदारांच्या मदतीवर आधारलेली आणि जुनी झालेली राजकीय माहिती.
* बंगालच्या फौजेशी समन्वय नसणे.
* विभागलेले नेतृत्व.
* पनवेल ते घाट या पिछाडीच्या मार्गावर भक्कम ठाणी न ठेवणे.

दुसऱ्या मोहिमेत नेतृत्व एकहाती व अनुभवी होते, तरीही अडचण सुटली नाही. त्यावरून मार्गाचे भूगोल व घोडदळातील तफावत ही कारणे व्यक्तींच्या चुकांहून अधिक मूलभूत होती, असे दिसते.

मराठ्यांच्या यशालाही मर्यादा होत्या. मुलूख जाळून लढण्याची पद्धत स्वतःच्या प्रदेशात वारंवार वापरता येण्याजोगी नव्हती, आणि माघार घेणाऱ्या सैन्याचा पूर्ण नाश करणे दोन्ही वेळा जमले नाही.

== नंतरचा काळ ==

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धाच्या वेळी, १८०३ मध्ये, आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून पुण्यास आला. त्याने कोकणातून घाट चढण्याचा मार्ग निवडला नाही. म्हैसूरचे निवडक बैल, धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे आणि मोठे घोडदळ यांवर त्याने आपली रसद उभी केली होती. २० एप्रिल १८०३ रोजी तो पुण्यात दाखल झाला.

मुंबई आणि दख्खन यांमधील वाहतुकीचा प्रश्न पुढे रस्त्याने व लोहमार्गाने सुटला. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातील रेल्वे सुरू झाली. खोपोली येथील मोठा तलाव व त्याकाठचे महादेवाचे मंदिर नाना फडणविसांनी बांधविल्याचे सांगितले जाते. घाट चढण्यापूर्वी माणसांना व बैलांना पाणी मिळण्याचे हे महत्त्वाचे ठिकाण होते. वडगाव मावळ येथे ‘इष्टुर फाकडा’ याचे स्मारक आहे.

== हे सुद्धा पहा ==

* पहिले इंग्रज–मराठा युद्ध
* वडगावचा तह
* उंबरखिंडीची लढाई
* बोरघाट
* महादजी शिंदे
* नाना फडणवीस
* परशुरामभाऊ पटवर्धन